तीन दिवस कोरडा टब

मी फोटो काढतो म्हणजे नेमकं काय करतो, हे आमच्या घरात अजून कोणाला कळलेलं नाही. जैसलमेरच्या वाळूत चार दिवस भाजून मी दोनशे फोटो आणले. त्यातला बायकोला एकच आवडला, तिचा उंटावरचा, आणि तो उंटवाल्यानं काढला होता. प्राण्यांचं म्हणाल तर माझ्या सगळ्या हरणांच्या शेपट्या सुरेख आल्यात. तोंडं पुढच्या तालुक्यात.

त्या उन्हाळ्यात मी यावर उपाय काढला. कन्नड गावाच्या अलीकडे माझ्या साडूची शेती आहे आणि तिला लागून खडकाळ माळ. तिथं चिंकारा हरणं दिसायची. शहरातल्या औरंगपुऱ्यातून एक मोठा प्लास्टिकचा टब आणला, माळावर काठापर्यंत जमिनीत पुरला आणि वीस पावलांवर लपून बसायला हिरव्या शेडनेटची खोप केली. टब रोज भरायचा साडूनं. मी शहरातून फक्त रविवारी जायचो, पाहुण्यासारखा.

माळावर शेळ्या चारणाऱ्या एक मावशी होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "पानी ठिवायचं तर रोज ठिवा, भाऊ. न्हाय तर ठिवूच नका. जनावराला सवय लागती."

त्यांच्या शेळ्याही त्याच टबावर प्यायच्या, त्यामुळे मला वाटलं, मावशी आपल्या शेळ्यांचं बघतायत.

पंधरा दिवसांत एक हरणी पाडसाला घेऊन यायला लागली. फक्त मी नसताना. साडूचा फोन यायचा, "आत्ताच पिऊन गेली बघा, साडूभाऊ. तुमची चौकशी करीत व्हती." रविवारी मी खोपीत घामानं निथळत बसायचो, आणि ती मी जेवायला उठलो की यायची.

मग माझं डोकं चाललं. बुधवारी साडूला फोन केला. "उद्यापासून दोन दिवस टब भरू नका. शनिवारी पहाटे मीच येऊन भरतो. तहानलेली असली की उजाडताच येईल."

"लई ऊन हाय हो."

"दोनच दिवस."

"बरं. कॅमेऱ्यातलं मला काय कळतंय."

ते दोन दिवस मी लोणारला गेलो, विवराचे फोटो काढायला. हवा इतकी धुरकट की पलीकडचा काठच दिसेना. एवढा मोठा खड्डा आणि तोही कॅमेऱ्यात मावेना, म्हणून मुक्काम एका दिवसानं वाढवला. साडूला तसं कळवलं. तो म्हणाला, "मग आज भरून टाकू का?" मी म्हणालो, "आता कशाला, एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

रविवारी उजाडायच्या आत मी दोन जार ओतून टब काठोकाठ भरला आणि खोपीत बसलो. सूर्य वर आला. कोणी आलं नाही. मग साडूच्या शेततळ्याकडून मावशींची हाक ऐकू आली.

शेततळ्यात पाणी जिरू नये म्हणून प्लास्टिकचा काळा कागद अंथरलेला असतो. ओला झाला की त्यावर माणसाचा पाय ठरत नाही, खुराची काय कथा. कुंपणाची जाळी एका कोपऱ्यात सुटलेली होती. हरणी पाण्यावर आडवी तरंगत होती, पोट फुगलेलं. पाडस अजून काठाकाठानं पोहत होतं. पुढचे पाय कागदावर टाकायचं आणि घसरून परत पाण्यात जायचं.

साडूनं माझ्या कमरेला दोर बांधला आणि वरून धरला. मी उतरलो म्हणणं बरोबर नाही, बसूनच घसरत गेलो, ओरडत. मावशी वरून म्हणाल्या, "आधी त्याला धरा भाऊ, मग काय बुडायचं ते बुडा."

मी त्याला धरलं. तळहाताखाली त्याचं काळीज धडधडत होतं. वर आणल्यावर मावशींनी त्याला पदरात घेतलं, पुसलं, शेळी पिळून बोटानं दूध तोंडाला लावलं.

"पिईल का?" मी विचारलं.

"गप बसा जरा."

दहाच्या सुमाराला त्यांनी पदर ओढून त्याचं तोंड झाकलं.

वनरक्षक दुपारी आले. त्यांच्या मोबाईलचा कॅमेरा फुटलेला होता, म्हणून पंचनाम्याचे फोटो मीच काढले. हरणीचं तोंड पहिल्यांदाच नीट मिळालं. मग ते माळावर टब बघून आले आणि म्हणाले, "पाणवठा तर काठोकाठ भरलाय. मग ही शेततळ्याकडं कशाला गेली?"

साडूनं माझ्याकडे पाहिलं नाही. "जनावराचं काय सांगावं साहेब. टब तर रोज भरतो आम्ही."

"तीन दिस कोरडा व्हता," मावशी म्हणाल्या. "माज्या शेळ्या गावात नेऊन पाजल्या मी."

वनरक्षकांचा पेन थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. गळ्यात एवढा मोठा कॅमेरा, म्हणजे शिकलेला माणूस. "तुम्ही सांगा. होतं का पाणी?"

मी म्हणालो, "मी तीन दिवस लोणारला होतो."

ते खरंच होतं. त्यांनी लिहिलं, पाणवठा भरलेला आढळला. पंच म्हणून साडूनं सही केली, खाली मी केली. माझे कपडे अजून ओले होते, कागदावर दोन थेंब पडले, ते मी बाहीनं टिपले. परतताना साडू एवढंच म्हणाला, "घरी काय बोलू नका." घरी बायकोनं विचारलं, मिळाली का हरणी. मी कॅमेऱ्यातलं कार्ड काढून कपाटात ठेवलं आणि म्हणालो, नाही.

पुढच्या रविवारी मी कॅमेरा न घेता गेलो आणि टब भरला. मावशी शेळ्या घेऊन चालल्या होत्या. शेळ्या सवयीनं टबाकडे वळल्या, तशा मावशी काठी घेऊन आडव्या आल्या.

"मावशी, पाणी भरलंय."

"दिसलं," त्या म्हणाल्या आणि शेळ्यांना गावाच्या वाटेला लावलं.