गणपतीमागचा चिनी पडदा

दोन नारळ खोवून झाले, तिसरा फोडून तसाच विळीपाशी ठेवला आणि वही उघडली. संध्याकाळच्या वाटल्या डाळीला खोबरं लागणार आहे, पण पोटात राग ठेवून देवाचं काही करू नये. म्हणून आधी अंबाजी भावोजींचं लिहून टाकते.

अंबाजी माझे चुलत दीर. साठी उलटली. नागावात त्यांना 'बंगलेवाले' म्हणतात, पण बंगला कधीच त्यांचा नव्हता. तो पारशी पिरोजाबाईंचा, आणि हे तिथे तीस वर्षं राखणीला. राखण म्हणजे काय, तर बाई मुंबईला असल्या की त्यांच्याच आरामखुर्चीत पाय पसरून माळ्याला हाका मारायच्या, आणि बाई आल्या की कमरेत वाकून उभं राहायचं. बाईंच्या वडिलांची जुनी हॅट मिळाली तर ती घालून मासळी आणायला जात. कोळणी हसायच्या. यांना वाटायचं, मान देतात.

बंगल्यात एक पडदा होता. कापडाचा नव्हे; घडी होणारी चार फळ्यांची लाकडी चौकट आणि तिच्यात बसवलेल्या चिनी मातीच्या रंगीत फरशा. बाईंच्या पणजोबांनी चीनशी व्यापार करताना आणलेला. फरशांवर तिकडच्या संगीत नाटकातली पात्रं आहेत: लाल तोंडाचा दाढीवाला, पाठीला झेंडे लावलेला सेनापती, हातभर लोंबत्या बाह्यांची राणी. कडेने वटवाघळं आणि चिनी अक्षरं. घरातली माणसं दीर्घायुषी होवोत, घर भरलेलं राहो, असा त्यांचा अर्थ. हे बाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं.

पण भावोजींना ऐकायचं कुठे असतं? गावात सांगताना लाल तोंडाचा झाला मारुती आणि झेंडेवाला खंडोबा. मी एकदा विचारलं, "भावोजी, मारुतीचं शेपूट कुठंय?"

"मागल्या अंगाला असंल, वहिनी."

मागलं अंग मी स्वतः पुसलेलं आहे. तिथे बांबूचं बन आहे.

चैत्रात बंगला विकला गेला. बाई परवा कायमच्या ऑस्ट्रेलियाला भाच्याकडे चालल्यात. सामानातला हा पडदा एवढाच त्यांना बरोबर हवा होता, म्हणून भावोजींकडे सांभाळायला ठेवला. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन येते, असं सांगून गेल्या होत्या. आणि या गृहस्थाने काल काय केलं? पडदा उघडून मखर म्हणून उभा केला आणि त्याच्या कुशीत गणपती बसवला! एकदा मूर्तीत प्राण आले की विसर्जनापर्यंत आसपासचं काही हलवायचं नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

आज सकाळी बाई आल्या. सत्त्याऐंशी वर्षांच्या, हातात काठी. दारातच थबकल्या. "अरे अंबाजी, हे काय केला तू?"

"देव बसलाय ना, बाई. आता हात लावता येत न्हाय."

"ठीक छे. तुमचा तर दीडच दिवस असतो. उद्या नेते."

"यंदा अकरा दिवस."

बाईंनी काठीवर दोन्ही हात ठेवले. मूर्तीला नमस्कार केला आणि गाडीकडे वळल्या. जाऊबाई आजारी होत्या तेव्हा याच बाईंनी डॉक्टर बोलावला, शेवटपर्यंत उशाशी बसल्या. त्याची ही परतफेड. देवाला कुलूप करून दुसऱ्याची वस्तू कोंडायची, आणि वर कपाळाला गंध!

मी मोदकांचं पातेलं खाली ठेवलं. जाऊबाई गेल्यापासून त्या घरचा नैवेद्य माझ्या हातचा. म्हटलं, "भावोजी, काल भटजींनी विचारलं, दीडच दिवस ना? तुम्ही हो म्हणून पाणी सोडलंत. मी ताम्हन धरून शेजारी होते."

"आता भक्ती वाढली, वहिनी."

"वाढू द्या. मी सांगितल्या दिवसांचंच रांधणार. उद्यापासून नैवेद्य तुम्ही करा. मोदकाच्या पाऱ्या येतात ना वळायला?"

"हॉटेलातून आणीन."

"आणा. आरतीला आळी जमेल, तेव्हा मीच सांगेन कुठल्या हॉटेलातून आणले ते. आणि अकरा दिवस कशासाठी, तेही."

भावोजी मारुतीकडे बघत राहिले, जणू तोच साक्ष देणार होता. मग पुटपुटले, "तीस वर्सं दर शुक्रवारी मी पुसलाय तो."

"पगार घेऊन," मी म्हटलं.

भावोजी चपला अडकवून रस्त्यावर गेले आणि गाडीच्या काचेशी वाकून उभे राहिले. वाकायची सवय आहेच. संध्याकाळी विसर्जन, उद्या सकाळी पडदा घेऊन जा, असं सांगून आले. बाई आज अलिबागला मुक्कामाला आहेत.

फरशा एकमेकींवर आपटून फुटायला नकोत, आणि भावोजींवर सोपवलं तर त्या नक्की फुटतील. तेव्हा आत्ता आळीतल्या धर्मा गवळ्याच्या गोठ्यावर जाऊन दोन भारे पेंढा आणायचा आहे.