घोडी सांगेल तेव्हा निघायचं

ठेलारी मेंढपाळांच्या वाड्याबरोबर, म्हणजे त्यांच्या फिरत्या संसाराबरोबर, एक मुक्काम चालायचं, हे पुण्यात बसून ठरवताना फार सोपं वाटलं होतं. रात्रीच्या बसनं धुळे, तिथून जळगाव गाडीनं एरंडोल. तिकीट खिशाला जड नाही, पण जागा धरायला कोपरं मजबूत हवीत. एरंडोलच्या अलीकडे माझ्या मैत्रिणीच्या वडिलांचं, नानांचं शेत. तिथे वाड्याच्या कारभारणीच्या, शेवंताअक्काच्या मेंढ्या बसल्या होत्या. रानाला लेंडीखत, अक्काला धान्य.

नानांकडे ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा हाणून मी वाड्यावर पोचले.

"अक्का, उद्या किती वाजता निघायचं?"

"घोडी सांगी."

मला थट्टा वाटली. थट्टा नव्हती. संसार पाठीवर वाहणारी म्हातारी घोडी लंगडत होती. इकडे नानांना शेतात ट्रॅक्टर घालायचा होता, तिकडे पुढच्या गावचा शेतकरी फोनवर फोन करत होता. उशीर झाला तर तो दुसरा कळप बसवणार होता. मी शहाणपणा केला. म्हटलं, घोडी नानांच्या गोठ्यात ठेवा, चारापाणी मिळेल. नानाही हो म्हणाले.

अक्का भडकली. "आमनं घर ती पाठवर वाहस. तिलेच मांगे सोडी देवू?"

मग घर नक्की कुठलं? सामान, घोडी की वाट? मला काही कळेना, आणि विचारायची सोय राहिली नव्हती.

पहाटे अक्कानं खोगीर जमिनीवर ठेवलं आणि वाट पाहिली. घोडी लंगडत आली, खोगिरापाशी उभी राहिली; म्हणजे निघायचं. तिच्यावर फक्त एक रिकामी गोणी टाकली. भांडी-अंथरुणं माणसांच्या डोक्यावर, आणि दोन कोंबड्या माझ्या काखेत. अख्खा वाडा तिच्या चालीनं चालला. दुपारी आम्ही कसेबसे पद्मालयाच्या फाट्यापाशी होतो, तेव्हा फोन आला. शेतकऱ्यानं दुसरा कळप बसवला होता.

"आता कुठे जाणार?" मी रडकुंडीला आले होते.

"आज चालनूत ना?" अक्का म्हणाली. "मंग झालं."

धान्य गेलं, मुक्काम गेला. हे प्रेम की खुळेपणा, मला अजून ठरवता येत नाही.

पुण्यात परतल्यावर अक्काला फोन केला. घोडी खाली बसली होती, उठत नव्हती. वाडा तिच्याभोवती थांबला होता.

"किती दिवस थांबणार?" माझ्या तोंडून गेलंच.

अक्का म्हणाली, "तुनी माय आजारी पडनी, ते तिनाबद्दल बी असंच इचारशी का?"

मी नाही म्हणाले. ते खरं आहे का, हे मला सांगता येणार नाही.