पाठक मॅडमची कात्री

हाताशी कागद आला की पाठक मॅडम त्याचे तिकोन कापायच्या, लग्नपत्रिकासुद्धा सोडायच्या नाय. औरंगपुऱ्यातल्या नकाशाच्या हापिसात मी पहिल्यांदा गेले, आठवी शिकलेली, वर्षाचं लेकरू सासूपाशी ठेवून, तर त्यांनी एका वॉर्डाचा आकार कापून माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "सविता, ब्राउझरला फक्त त्रिकोण रंगवता येतो. बाहेर आलेला कोपरा म्हणजे कान. एकेक कान कापत जायचं, शेवटी एकच त्रिकोण उरतो. घाबरतेस काय?"

मी तर सगळ्यालाच घाबरायची. माझं काम म्हणजे आभाळातनं काढलेल्या शहराच्या फोटोवर माउसनं वस्त्यांच्या कडा काढायच्या. त्याचे तिकोन मॅडमचा प्रोग्राम करायचा, लई झपाट्यानं, साध्या मोबाइलवरपण नकाशा लगेच उघडायचा. "लोक पाण्यासाठी ताटकळतात तेवढं पुरे, नकाशासाठी नको," असं म्हणायच्या. दुष्काळ होता तेव्हा. नळ असलेला भाग निळा, नळ नसलेल्या वस्त्या त्या निळ्यात मोकळ्या सोडायच्या, आन मोकळ्या जागा बघून टँकर धाडायचे.

आमची गुंठेवारीतली वस्ती तशीच, चारी बाजूनं निळं आन मधी आम्ही. शहर वाढत वाढत आमच्या पुढं निघून गेलं, नळ काय आला नाय.

एक दिवस लेकराला ताप, सासूचे फोनवर फोन, मी घाईघाईत आमच्याच वस्तीची कड काढली आन पळाले. मग टँकर आलाच नाय. पुढच्या पाळीलापण नाय. सासू म्हणाली, नकाशाच्या हापिसात जाती आन घरात घोटभर पाणी नाय. हापिसात नकाशा उघडला तर आमची वस्ती निळी. सांगावं तर नोकरी जाती, नाय सांगावं तर लेकराला पाणी नाय. दोन दिवस मी तशीच बसले, हापिसचं पाणी बाटलीत भरून नेत.

मॅडमनीच पकडलं. नकाशा मोठा करून दाखवला, वस्तीची मी काढलेली आतली रेघ डाव्या अंगाला निळ्या भागाच्या बाहेरच्या रेघेच्या पल्याड गेलेली. हळूच म्हणाल्या, "आतल्या जागेपासून बाहेरच्या कडेपर्यंत वाट सापडली तरच प्रोग्राम ती जागा मोकळी सोडतो. नाही सापडली तर गुपचूप रंगवून टाकतो. तू तिथंच राहतेस ना गं?"

मी पाण्याची बाटली पदराआड सरकवली.

दुसऱ्या दिवशी आम्हाला काम देणारे, टँकर धाडणारे साहेब आले. वस्तीतल्या बाया हंडे घेऊन त्यांच्या दारात जाऊन बसल्या होत्या. हे कोणी केलं, विचारलं. मी माउस घट्ट धरून बसले. मॅडम म्हणाल्या, "मी. रेघ चुकली का ते बघणारी तपासणी वेगासाठी मीच काढून टाकली होती."

खोटं नव्हतं ते. पण अर्धंच होतं, आन उरलेलं अर्धं माझ्या तोंडात होतं, ते मी बाहेर काढलं नाय.

टँकर आला. महिनाअखेरीला मॅडमला काढलं, त्या आपल्या लेकीकडं नाशिकला गेल्या. जायच्या आधी तपासणी परत घालून गेल्या, आता रेघ चुकली की प्रोग्राम थांबतो आन विचारतो. नव्या मुली वैतागतात, म्हणतात, ताई, काढून टाकू का, लई अडवतंय. मी नाय म्हणते. का, विचारतात. ते आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.