नाना ऑपरेटर आणि दुसरा भाग

५ मे १९८९, दुपारी अडीच. जळगावच्या एका टॉकीजमध्ये खेळाआधी नाना ऑपरेटर रीळ न चढवताच रिकाम्या पडद्यावर पांढरा प्रकाश सोडून उभे होते. हे त्यांचे रोजचे. मी पदार्थविज्ञानाच्या प्रकल्पासाठी महाविद्यालयाचा प्रकाशमापक घेऊन गेले होते आणि मला असाच कोरा पडदा हवा होता. नियम साधा: मध्यभागी आकडा मोठा, कडांना लहान. नानांचा हेतू मात्र निराळा होता.

पूर्वी तिथे एक परदेशी चित्रपट हिंदीत येऊन गेला होता. आकाश झाकलेले शहर, मोजून मिळणारा उजेड आणि अखेरीस अंधाऱ्या बोगद्यात शिरलेला नायक. तो बाहेर पडला की नाही, हे दुसऱ्या भागात कळणार होते. तो भाग अजून आलाच नव्हता. "बठ्ठा लोके घर गयात," नाना आपल्या धुळ्याकडच्या बोलीत म्हणाले, "तो एकलाच मझार राहिना." तो आत राहिला, म्हणून हा उजेड. यात थट्टा नव्हती.

"नाना, कार्बनच्या कांड्या काय सासऱ्याने दिल्यात?" मालक खालून ओरडत.

"सासरानी इतका दिधा असता, तर आठे कसाले येतू?"

यंत्राचा उजेड त्या कांड्या जाळूनच मिळे, आणि त्यांची ज्योत ते काळ्या काचेविना पाहत. मी रागावले की उत्तर ठरलेले: "काच लावसू तर तो कसा दिसी?" पुढे डॉक्टरांनी दृष्टिपटलाच्या मध्यभागी भाजल्याचा डाग असल्याचे सांगितले. नानांना वस्तूंच्या कडा दिसत. समोरचा चेहरा दिसत नसे. रीळ ते चाचपून चढवू लागले.

१४ मे १९९३ रोजी दुसरा भाग आला. नानांनी निरोप धाडला म्हणून मी पुण्याहून मापकासह आले आणि तापलेल्या केबिनमध्ये त्यांच्याशेजारी बसले.

"काय दिसस, पोरी?"

"बोगदा. तोंडाशी भिंत घातली आहे. नायक नवा आहे."

"आनि तो?"

शेवटचे रीळ संपेपर्यंत मी थांबले. "त्याचे कोणी नावही घेतले नाही, नाना."

प्रेक्षक गेल्यावर त्यांनी पुन्हा कोरा प्रकाश सोडला. बराच वेळ पाहून म्हणाले, "मधमा कोनी तरी उभं शे."

"तो तुमच्या डोळ्यातला डाग आहे. मान हलवा, डागही हलेल."

त्यांनी मान सावकाश डावीकडे नेली, उजवीकडे नेली. "हालत नही," ते म्हणाले. त्या आवाजात भीती नव्हती. पाहुणा पोहोचल्याचे समाधान होते. "मोज."

ती आमची अखेरची भेट. नाना त्याच पावसाळ्यात गेले.

त्या दिवशी मी मापक घेऊन खाली उतरले आणि पडद्यापाशी गेले. पडदा स्वच्छ पांढरा होता, समोर कोणी नव्हते. वरच्या झरोक्यातून नानांनी विचारले, "निघना का तो?"

डावी कड: बासष्ट. उजवी कड: एकसष्ट. मध्य: नऊ.