अक्काच्या सासऱ्यांची मिशी

आमच्या अक्काचं लग्न मी जमवलं. कसं म्हणाल, तर तिच्या होणाऱ्या सासऱ्यांची मिशी ओढून.

हे आज मी अभिमानानं सांगतो, पण त्या वेळी शरमेनं तीन दिवस मला जेवण गेलं नव्हतं. (खरं तर दोनच दिवस. तिसऱ्या दिवशी पुरणपोळी होती.)

आमचं जयनगर तेव्हा नुकतं वसत होतं. चार घरं, मग चार मोकळ्या साईटी, मग पुन्हा चार घरं. अण्णा, म्हणजे आमचे वडील, सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. मी कॉलेजात जात असे आणि स्वतःला फार हुशार समजत असे. अक्का माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. तिचा चष्मा जाड आणि हसणं असं, की चौथ्या साईटीवर चरणारी गाय मान वर करून बघायची.

‘दाखवायच्या’ दिवशी या दोन्ही गोष्टींवर बंदी असे. आई तिचा चष्मा काढून डब्यात ठेवी, तोंडाला पावडर फासे आणि बजावी, “मान खाली. हसलीस तर बघ!” चष्म्याविना अक्काला हात लांब केला तर स्वतःची बोटंही धड दिसत नसत. एका स्थळाच्या वेळी तिनं उप्पिटाची बशी रिकाम्या खुर्चीपुढं धरली. दुसऱ्या वेळी खुंटीवरच्या कोटाला वाकून नमस्कार केला. चार नकार आले. पाचवं स्थळ शिमोग्याचं. मुलगा इंजिनिअर, वडील हणमंतराव जंगलखात्यातून रिटायर झालेले. अण्णा त्यांना एकदा भेटून आले होते. मंडळी रविवारी चारला येणार, असं पत्र होतं.

“हे शेवटचं,” अक्का म्हणाली. “यांनी नको म्हटलं तर मी शाळेत नोकरी धरीन. परत पावडर लावून बसणार नाही.”

ती हे हसत म्हणाली, पण रात्रीच्या जेवणात तिनं भात तसाच ठेवला. मला फार वाईट वाटलं.

नेमका त्याच आठवड्यात आमच्या भागात बहुरूपी आला. इकडे कन्नड मुलखात त्याला हगलुवेषवाला म्हणतात, म्हणजे भर दिवसा सोंग घेऊन येणारा. तो चार-पाच दिवस रोज नव्या वेषात दारात उभा राहतो. शेवटच्या दिवशी साध्या कपड्यांत येतो आणि बिदागी घेऊन जातो. आमचा बहुरूपी इतका तरबेज होता, की बुधवारी तो तारवाला होऊन आला आणि मी तार न वाचताच रडलो. गुरुवारी फौजदार होऊन आला. ‘सायकलला दिवा नव्हता,’ एवढंच म्हणाला, तर मी त्याचे पाय धरले. शुक्रवारी देवी टोचणारा डॉक्टर झाला आणि मी बाही वर करून रांगेत पहिला! गल्लीभर हसू झालं.

मी शपथ घेतली. शनिवारी काय वाटेल ते होवो, फसायचं नाही.

शनिवारी दुपारी आई उद्यासाठी शेजारणीची मैसूर सिल्क मागायला गेली होती. अण्णा कचेरीतून यायचे होते. मी व्हरांड्यात दबा धरून बसलो. फाटक वाजलं. खाकी कोट, डोक्यावर सोला हॅट, हातात छडी आणि वर वळलेल्या, लिंबू ठेवता येईल अशा मिशा! मागं एक तरुण मनुष्य. (आज जोडीदारही आणला! मी मनात दाद दिली.)

“अण्णारावांचं घर हेच का?”

“हेच, हेच! आज कोण? शिकारी का?”

ते गोंधळले. “आम्ही शिमोग्याहून आलो. मुलगी बघायला. उद्या यायचं होतं, पण—”

मी मांडीवर थाप मारली. बातमी पण काय काढली होती पठ्ठ्यानं! “वा! म्हणजे वरपिता! पण चाल चुकली हो. वरपिता असा विचारत येतो का? छाती पुढं, छडी आपटत यायला हवं. स्वल्प परत फाटकापर्यंत जा बघू.”

आणि ते गेले! जन्मभर सरकारी नोकरी केलेला माणूस, ठणकावून हुकूम दिला की पाय आपोआप वळतात. तो तरुण मात्र गालात हसत म्हणाला, “बाबा, या वेळी छडी जोरात आपटा.”

“आता बरं जमलं,” मी दुसऱ्या फेरीनंतर म्हणालो. “पण मिशी फसली. एवढी मिशी खऱ्या माणसाला असते का?” आणि मी ती ओढली.

आली नाही. डिंक चांगला होता. मी आणखी जोरात ओढली. हणमंतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘काय पण अभिनय!’ असं मी मोठ्यानं म्हणालो.

गडबड ऐकून अक्का बाहेर आली. नाकावर चष्मा, हात पिठाचे, साडी विटलेली. मला मिशीला लोंबकळताना पाहून ती अशी हसली, की खांबाला धरून खाली बसली. “आज तरी ओळखलास की रे!” म्हणत तिनं सुपात तांदूळ आणून हणमंतरावांच्या हातात दिले. “सोंग झकास झालंय हं तुमचं.”

तरुणानं विचारलं, “तुम्ही नेहमी अशाच हसता?”

“दाखवायच्या दिवशी नाही,” अक्का डोळे पुसत म्हणाली. “तेव्हा चष्मा काढायचा, पावडर लावायची, मुकाट बसायचं. उद्या या बघायला! तुमच्याहून मोठं सोंग आमच्याकडे असतं.”

तेवढ्यात फाटकातून अण्णा आले. त्यांच्या हातातली भाजीची पिशवी खाली पडली. “अय्यो! हणमंतराव? आपण आजच?”

अक्का आत पळाली. मीही पळालो असतो, पण माझा हात अजून मिशीतच होता.

पुढचं सगळं मी कपाळ जमिनीला टेकवून ऐकलं. अण्णा माफी मागत होते. हणमंतराव सूप धरून, नाक लाल करून उभे होते. माझ्यामुळं अक्काचं शेवटचं स्थळ गेलं, एवढंच माझ्या डोक्यात घुमत होतं. ती आत रडतेय की काय, हे ऐकायला कान लावावा म्हटलं तर धीर होईना.

मग तो तरुण बोलला, “बाबा, उद्या परत यायला नको. मला जे बघायचं होतं ते मी बघितलं.”

“आणि माझी मिशी?”

“लग्नापर्यंत बरी होईल.”

हणमंतरावांनी सूप खाली ठेवलं. मग म्हणाले, “सरी, ठीक आहे. पण हा पोरगा लग्नात माझ्या शेजारी बसायचा नाही.”

रविवारी दारात एक किडकिडीत म्हातारा उभा राहिला. धुतलेलं धोतर, काळी टोपी, चेहरा ओळखीचा नाही. शिमोग्याकडचाच कुणी नातेवाईक असणार, आता चूक नको! मी साष्टांग नमस्कार घातला, अण्णांच्या वेताच्या खुर्चीवर बसवलं, चांदीच्या पेल्यात कॉफी दिली आणि विचारलं, “शिमोग्याला सगळे बरे?”

अण्णा नवं धोतर आणि पानसुपारी घेऊन बाहेर आले तर हे दृश्य! “अरे, हा बहुरूपी. आज बिदागीचा दिवस त्याचा!”

आतून अक्काचं हसणं आलं. म्हातारा मात्र हसला नाही. पेला दोन्ही हातांत धरून तो कन्नडात म्हणाला, “अण्णा, तीस वर्षं झाली. मी राजा होऊन आलो, फौजदार होऊन आलो, लोकांनी पायरीवरच उभं केलं. आज स्वतःच्या तोंडानं आलो, तर खुर्ची मिळाली.”

अण्णा आत गेले. त्यांनी स्वतःसाठी कॉफी आणली आणि त्याच्या खुर्चीशेजारी पायरीवर बसून प्यायले.

अक्काचं लग्न वैशाखात झालं. चष्मा लावूनच ती बोहल्यावर उभी राहिली आणि मंगलाष्टकांत दोनदा हसली. मांडवाच्या दारात पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडून त्यांना बसवायचं काम अण्णांनी त्या बहुरूप्याला दिलं. त्याला माणसं ओळखता येतात, असं ते म्हणाले.

मला मागच्या अंगणात नारळ खवायला बसवलं होतं. नारळ ओळखण्यात माझी सहसा चूक होत नाही, असं अण्णांचं मत होतं.