दोनजिने

त्याचं खरं आडनाव रविवारच्या मंडळीत कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळे त्याला दोनजिने म्हणत, कारण तो कागदावर काढील त्या इमारतीला दोन जिने असत. कड्यावर लटकलेली पवनचक्की असो, पुलाच्या पोटात बसवलेलं जकातघर असो, एक जिना पुढे आणि एक मागे. इमारत पडकी हवी असली तरी तो आधी ती धडधाकट काढायचा आणि मग सावकाश पाडायचा. पाडतानाही जिन्यांना धक्का नाही.

मंडळी जमत दवाखान्याच्या वरच्या खोलीत. मोठ्या टेबलावर बोटाच्या पेराएवढे शिपाई मांडायचे, फासे टाकायचे आणि दिवसभर एकमेकांची गावं काबीज करायची. सगळे केस पिकलेले बाप्ये, पण एखाद्या पुलावरून अशी हमरीतुमरी चाले की खालचे पेशंट छताकडे बघत. ही गावं दवाखान्याचा कंपाउंडर बांधायचा, पुठ्ठा, थर्माकोल, आइसक्रीमच्या काड्या आणि गोंदात कालवलेली वाळू यांतून. त्याचा हात अगदी बारीक होता, मात्र डोकं कागदाबाहेर चालत नसे. कागदावर खिडकी असली की खिडकी, नसली की नाही. म्हणून त्याला चित्रं लागत, आणि ती काढायला दोनजिने.

शिपायांना रंग देणारी एकच बाई त्यांच्यात होती. दोन केसांच्या ब्रशने ती शिपायाच्या डोळ्यात बुबुळ काढायची. ती दोनजिन्याला काका म्हणे, त्याच्या चहात साखर कमी घाले. ती एका गवंड्याची मुलगी होती. हे दोनजिन्याला पहिल्या रविवारीच कळलं, आणि तेव्हापासून त्याच्या जिवाला चैन म्हणून नव्हतं.

कारण दोनजिन्याने तीस वर्षं एका इमारतींच्या ऑफिसात नकाशे काढले होते. एकदा शिवणकामाच्या एका कारखान्याचा नकाशा पुरा होत आला असताना मालकाला मागच्या अंगणात जागा हवीशी झाली. साहेब म्हणाले, "मागचा जिना उडव." ट्रेसिंग कागदावरची शाई रबराने जात नाही. अर्धं ब्लेड आडवं धरून हलक्या हाताने खरवडावी लागते. त्याने खालपासून तिसऱ्या मजल्यापर्यंत एकेक पायरी खरवडून काढली. पहिल्या-दुसऱ्या मजल्याची दारंही काढली. तेवढ्यात साहेबांनी हाक मारली, आणि तिसऱ्या मजल्याचं दार राहून गेलं. नकाशावर दार म्हणजे एक रेघ आणि एक पाव वर्तुळ, नखाएवढं.

त्या कामावरचा गवंडी, म्हणजे तिचा बाप, नकाशा घेऊन ऑफिसात आला होता. "साहेब, या दारापुढं जिना दिसत नाही. बाहेर नुसतीच हवा." दोनजिन्याने बघितलं, दार खरंच राहून गेलं होतं. पण एवढी ढोबळ चूक एका गवंड्यासमोर कबूल करायची? वरच्या आवाजात तो म्हणाला, "कागदावर आहे तसं बांधा. जिना मागाहून येईल." चुकीपेक्षा ही मिजासच वाईट, असं मला वाटतं.

जिना आला नाही. मालकाने दाराला कुलूप घातलं. चार वर्षांनी दुसऱ्या मजल्यावर आग लागली, पुढचा जिना धुराने भरला आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बायकांनी शिलाई मशीनच्या पायाने ते कुलूप तोडलं. धुरात दार दिसत होतं, दारापलीकडचं काही दिसत नव्हतं. सात जणी एकीमागून एक त्यातून पळाल्या.

चौकशीत ऑफिसने नवाच नकाशा पुढे केला, दार नसलेला; गवंड्याकडची प्रत काम संपताच ऑफिसात परत गेली होती. सगळ्यांनी हात वर केले. दार गवंड्याने मनाने ठेवलं म्हणे. दोनजिन्याला विचारलं, "हा तुमच्याकडे शंका घेऊन आला होता का?" तो म्हणाला, "नाही." गवंडी चार वर्षं आत गेला. बाहेर आल्यावर त्याला कुणी कुंपणाची भिंतसुद्धा बांधायला दिली नाही. कागदावर दार होतं, एवढं एकच वाक्य तो मरेपर्यंत सांगत राहिला.

मूळ ट्रेसिंग साहेबांनी जाळायला सांगितलं होतं. दोनजिन्याने ते जाळलंही नाही आणि दाखवलंही नाही. पत्र्याच्या नळीत घालून घरी ठेवलं. या मंडळीत आल्यापासून दर रविवारी तो ती नळी बरोबर आणी आणि कोपऱ्यात उभी करी. आज मुलीच्या हातात देऊ. मग ती म्हणे, "काका, चहा," आणि तो नळी तशीच ठेवून कप हातात घेई. अशी तीन वर्षं गेली. त्यातलं पहिलं वर्षभर तिचा बाप जिवंत होता.

एका रविवारी कंपाउंडर म्हणाला, "अहो दोनजिने, पुढचा डाव वेढ्याचा आहे. तुमच्या घरांतून शत्रू मागच्या मागे सटकतो, मग वेढा कसला कपाळाचा? यंदा एकच जिना काढा बुवा."

घरी त्याने धान्याचं तीन मजली कोठार काढलं. हाताने सवयीने दोन जिने काढले. त्याने ब्लेड मोडलं आणि मागचा जिना खरवडला.

पुढच्या रविवारी कोठार टेबलावर उभं होतं. विटा झकास, छप्पर उचलून काढता येईल असं. रंगवणारी तिसऱ्या मजल्यावर शिपाई ठेवत होती. मागच्या भिंतीशी तिचं बोट थांबलं.

"हे दार कुठं उघडतं?"

"कुठंच नाही," कंपाउंडर म्हणाला. "मलाही वाटलं विचारावं. पण कागदावर होतं, म्हणून केलं."

तिच्या हातातला शिपाई टेबलावर पडला. मंडळी हसली. दोनजिन्याने वाकून ते दार पाहिलं. पुठ्ठ्याचं, नखाएवढं, काडीची चौकट असलेलं.

"काका," ती म्हणाली, "जिना काढायचा विसरलात का?"

आता 'हो' म्हणून सुटता आलं असतं. तिने वाट मोकळी ठेवली होती.

"नाही," तो म्हणाला. "जिना मी खरवडला. दार विसरलो. तेव्हाही तेच विसरलो होतो."

खोलीत कुणाला काही समजलं नाही. तिला समजलं. दोनजिन्याने कोपऱ्यातली नळी आणून उघडली. तिने कागद खिडकीच्या उजेडात धरला. खरवडलेल्या पायऱ्या पांढुरक्या दिसत होत्या, खालपासून वरपर्यंत, आणि वर काळ्या शाईचं पाव वर्तुळ.

"बाबांनी विचारलं होतं ना?"

"हो."

"कुणाला?"

"मला."

तिने रिकाम्या कोपऱ्याकडे पाहिलं. "ही नळी पहिल्या वर्षापासून या कोपऱ्यात असायची," ती म्हणाली. "बाबा होते तेव्हाही."

दोनजिन्याने मान हलवली. तिने कागद गुंडाळून नळीत घातला, ब्रश धुऊन पिशवीत ठेवले आणि नळी घेऊन ती निघाली. त्या खोलीला जिना एकच होता. ती शेवटच्या पायरीपर्यंत उतरलेली सगळ्यांना ऐकू आली, आणि तिच्यामागून उतरायचं धाडस दोनजिन्याला झालं नाही.