टाकीला हात

"मशीन आमच्या माणसाकडं द्या सर. तुमी खालीच थांबा."

पंचायतीचा चेअरमन हे बोलला तेव्हा माझा एक पाय शिडीवर होता. खांद्याला अल्ट्रासोनिक मशीनची पेटी, खिशात ग्रीसची डबी. भालकी तालुक्यातलं गाव. पिण्याच्या पाण्याची उंच टाकी दोन वर्षांपासून झिरपत होती, आणि तिच्याखालीच शाळेचे दोन वर्ग भरत होते. ती धोक्याची आहे का, ते बघून द्या, असं पाणीपुरवठा खात्यानं आमच्या गुलबर्ग्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजला लिहिलं होतं. काँक्रीट न फोडता आतली पोकळी कशी शोधायची, हे तिथं मी एकटाच शिकवायचो.

दहा मिनिटांपूर्वी हाच चेअरमन हात जोडून उभा होता. मग त्यानं विचारलं, "गाव कुठलं तुमचं?" जनवाड्याकडचा, म्हणालो. "कुणापैकी?" आम्ही बौद्ध, मी सांगितलं. लपवायचं कामून?

"राग मानू नका. टाकीतलं पाणी सगळं गाव पितंय."

खात्याचा ज्युनिअर इंजिनिअर बाजूलाच होता. तो माझ्याकडं बघेना. "सर, थोडं अ‍ॅडजस्ट करा."

मी पाय खाली घेतला. हे लिहायला आजही जड जातं. चाळिशीचा प्राध्यापक, एम. टेक. झालेला. पाय खाली घेतला.

चेअरमनचा माणूस मशीनच्या वायरींच्या टोकाचे दोन प्रोब घेऊन वर चढला. वायरी लोंबत होत्या, मशीन माझ्या मांडीवर. त्यानं हात पोचेल तिथं, कोरड्या भिंतीला प्रोब लावले. आकडे चांगले येत होते. येणारच. दुखणं पोटात आणि तपासायलेत गुडघा.

"खालच्या सांध्याला लावा," मी ओरडलो. "ओल हाय तिथं."

"तिथं हात पोचंना."

सात आकडे मी वहीत उतरवले. निकामी आहेत हे कळत होतं, तरी लिहीत होतो. वर्गातून पाढ्यांचा आवाज येत होता. आठवा आकडा आला आणि माझा हात थांबला. मी पेन बंद केलं.

"मी सोता वर चढणार. न्हाईतर माझी सही न्हाई."

"मग ऱ्हाऊ द्या," चेअरमन म्हणाला. "सही करणारे लई हायत."

खरं तेच बोलला. कॉलेजात विभागप्रमुखांना मी सगळं सांगितलं. त्यांनी वही चाळली. "आकडे तर उत्तम आहेत. तुम्ही लोक प्रत्येक गोष्टीत हेच आणता. आपलं काम काँक्रीटचं."

तुम्ही लोक. बारा वर्षं एका विभागात काढली होती आम्ही.

माझ्याच आकड्यांवर त्यांनी रिपोर्ट बनवला आणि स्वतः सही ठोकली. टाकी सुरक्षित.

आपलं काम काँक्रीटचं, असं मीही मानायचो. मशीन जात विचारत नाही, असं वर्गात अभिमानानं सांगायचो. पण मशीन कुणी धरायचं, हे विचारलं जातं. अपमान माझा झाला, तो मी गिळला असता. पण त्या मुलांच्या डोक्यावरचा खोटा रिपोर्ट माझ्या अक्षरातल्या आकड्यांवर उभा होता.

मी खात्याच्या मुख्य अभियंत्यांना लिहिलं. ओला सांधा तपासलेला नाही. मी बौद्ध म्हणून मला वर चढू दिलं नाही. मुलांना तिथून उठवा. आठवड्यात कॉलेजचा मेमो आला: वरिष्ठांना डावलून पत्र कसं लिहिलं? प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतली.

बायकोनं मेमो वाचला. "आता काय करायलाव?"

"दुसरं पत्र."

तिसऱ्या पत्रानंतर वर्ग हलवले. टाकी तशीच आहे, भरलेली, झिरपणारी. मेमोही तसाच आहे.

चौथं पत्र लिहायलोय. मागणी एकच: लेखी आदेश द्या, त्या सांध्याला प्रोब मी लावणार. दुसऱ्याच्या हातचं रीडिंग यापुढं माझ्या वहीत येणार नाही. चेअरमन आडवा आला तर पोलीस आणीन. पाणी बाटलं म्हणाले तर म्हणेन, ओतून द्या. टाकी तशीही रिकामी करायलाच पाहिजे.